चित्र साफ करताना

मार्च लागला की आमच्या चारकोपात घराघरांतलं काहीतरी बंद होतं. यंदा समोरच्या दारातल्या साळवींनी वायफाय काढलं. त्यांची मुलगी दहावीला आहे. ती जिन्यात उभी राहून मला म्हणाली, "ताई, तुमचा पासवर्ड द्या ना, मम्मीला नाही सांगणार." मी दिला नाही. दिला असता तर तिच्या मम्मीने मला इमारतीत राहणं नकोसं केलं असतं. आमच्या वेळी वायफाय नव्हतं, केबल होती. ज्या घरात दहावी त्या घरातली केबल कापायची, हा तेव्हाचा रिवाजच होता. मार्चची वाट न बघता, गणपती गेले की केबलवाला गच्चीवर चढून वायर सोडवायचा आणि वरूनच ओरडून विचारायचा, "मुलगा की मुलगी?" त्यावरून अख्ख्या इमारतीला कळायचं की यंदा यांच्याकडे दहावी आहे. मग कुणी आलं तरी हळू बोलायचं आणि चहा पिऊन लवकर उठायचं.

आमच्याकडची केबल दादाच्या वर्षी कापली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मंगेश. मी तेव्हा सातवीत होते. शिक्षा त्याची होती, पण टीव्ही दोघांत एकच असल्यामुळे ती मीही भोगत होते. आई गोरेगावला एका कंपनीत पॅकिंगला जायची, बाबांची शिफ्ट. दुपारी घरात आम्ही दोघं, कुरकुरणारा पंखा आणि वर क्रोशाचा रुमाल टाकून गप्प बसवलेला टीव्ही. मात्र आई एक गोष्ट विसरली. टीव्हीखालचा सीडी प्लेअर तिने तसाच राहू दिला, कारण सकाळी तिला त्यावर आरत्या लावायच्या असत. परीक्षेच्या वर्षी देवाचं बंद करून कसं चालेल?

त्या प्लेअरमध्ये दुपारी काय चालायचं ते देवालाच ठाऊक होतं. दादाच्या वर्गातल्या कुणाच्या तरी चुलतभावाकडून जपानी कार्टूनच्या सीड्या आल्या होत्या. अ‍ॅनिमे हा शब्दसुद्धा आम्हाला माहीत नव्हता. कुणीतरी परदेशात अँटेनावर धरलेलं, कॅसेटवर उतरवलेलं, कॅसेटवरून सीडीवर, त्या सीडीवरून दुसऱ्या सीडीवर असं करत करत ते कांदिवलीपर्यंत पोचलं होतं. वाटेत प्रत्येकाने त्यातला थोडा रंग काढून घेतला असावा. आकाश चौकटी चौकटींचं दिसायचं. चेहरे जवळ आले की विरघळायचे. खाली पिवळ्या अक्षरांत इंग्रजी ओळी येत, त्या वाचून होईपर्यंत पुढचं माणूस बोलायला लागलेलं असायचं. दादा पडद्याला नाक लावून बसायचा आणि मला अर्थ सांगायचा. त्यातला अर्धा तो बनवून सांगत होता हे मला आता कळतं.

गोष्ट एका मुलीची होती. ती पाठीवर लाकडी पेटी घेऊन पायी निघालेली असते आणि गावोगावची बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करते. भांडण नाही, मारामारी नाही. ती चालते, थांबते, घड्याळ उघडते, पुन्हा चालते. आणि ती चालत असताना तिच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, एक फिकट आकृती चालायची. तिच्याच उंचीची, तिच्यासारखीच पेटी घेतलेली, आरपार दिसणारी.

"हे कोण आहे रे मागे?" मी विचारलं होतं.

"सोबत," दादा म्हणाला. "एवढ्या लांब एकटी कशी जाईल? घरच्यांनी सोबत दिलीय."

"मग ती बोलत का नाही?"

"सोबत कुठे बोलते? मी बोलतो का तुझ्याशी क्लासला जाताना?"

हे मात्र खरं होतं. माझा इंग्रजीचा क्लास सेक्टर सोडून पलीकडे होता, आणि संध्याकाळी अंधारून यायच्या वेळी आई दादाला माझ्याबरोबर धाडायची. "जा रे, तिला सोबत जा." बहिणीबरोबर चालताना मित्रांनी पाहू नये म्हणून तो उजवीकडून अर्धं पाऊल मागे राहायचा आणि एकच दगड लाथेने ढकलत क्लासच्या दारापर्यंत न्यायचा. परत येताना तोच दगड परत. एक अक्षर बोलायचा नाही. त्या दगडाचा आवाज मागे चालू आहे एवढ्यावर मी निर्धास्त असायचे. त्यामुळे त्या मुलीच्या मागची आकृती मला जराही चमत्कारिक वाटली नाही. झाडांच्या आणि घरांच्या उजवीकडेही तशीच फिकट सावली होती, ती आम्हाला दिसत होती. दादाने त्याचाही निकाल लावून टाकला होता. तिकडे सगळ्यांनाच सोबत असते, म्हणाला.

दादाला दहावीला बरे मार्क पडले. केबल परत जोडली गेली. बारावीनंतरच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. साधाच ताप म्हणून घरी गोळ्या दिल्या, मग हॉस्पिटल, मग तो परत आला नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही. तापाचे ते दिवस मला नीट आठवतच नाहीत, आणि केबल कापलेल्या त्या दुपारी मात्र पंख्याच्या आवाजासकट आठवतात. मार्च आला की त्या परत येतात. मी आजही रस्त्याने चालताना उजव्या बाजूला थोडी जागा सोडते. बरोबरच्या माणसाला वाटतं मी त्याला टाळते आहे.

मी पुढे अंधेरीला मरोळमध्ये एका स्टुडिओत नोकरीला लागले. काम म्हणजे चित्र तपासायचं. आम्ही त्याला क्यूसी म्हणतो. बाहेरच्या देशांत अजूनही जुन्या अ‍ॅनिमेच्या डिस्क निघतात, आणि त्या विकत घेणारी मंडळी आपल्याकडच्या सासूंपेक्षा कडक असतात. डिस्क बाजारात आली की ती चित्र थांबवून थांबवून बघतात. कुठे रंग बदलला, कुठे रेघ बोथट झाली, कुठे आकाशात पट्टे पडले, सगळं शोधून पानंच्या पानं लिहितात. म्हणून ती बाहेर जाण्याआधी आम्ही बघायची. पडदे ओढलेल्या खोलीत, राखाडी भिंतीसमोर, आवाज बंद करून. गोष्ट ऐकत बसलं की डोळे फसतात, हा आमचा पहिला नियम.

या धंद्यात दोन तट आहेत. जुनं कार्टून फिल्मवर घेतलेलं असतं, आणि फिल्मला दाणे असतात. तव्यावर रवा भाजताना हलत असतो तसे ते चित्रभर हलत असतात. एका तटाला हे दाणे म्हणजे घाण वाटते, त्यांना चित्र काल काढल्यासारखं स्वच्छ हवं असतं. दुसऱ्याचं म्हणणं असं की दाणे गेले की त्यांच्याबरोबर रेघेची धार जाते, कागदाचा पोत जातो, आणि मागे राहतो मैदा. मी नोकरीपुरती दोन्हीकडची आहे. गिऱ्हाईक सांगेल त्या मापाने तपासते. मनातून मी रव्याची.

साफ करण्याचं काम जिग्नेशचं. तो घाटकोपरचा, माझ्याच वयाचा, हसरा. त्याचं मशीन चित्रामागून चित्र, म्हणजे फ्रेममागून फ्रेम, ताडून बघतं. एखादा ठिपका एकाच चित्रात आहे, आधीच्यात नाही आणि नंतरच्यात नाही, तर ती धूळ समजून पुसून टाकतं. हिशेब बरोबर आहे, धूळ अशीच असते. मागे एकदा नदीकाठचा एक प्रसंग माझ्याकडे आला, त्यात सगळी माणसं तोंड वर करून काळोखाकडे बघत हसत होती. मी जुनी प्रत काढून बघितली तर तिथे काजवे होते. मशीनने ते झाडून नेले होते.

"मशीनला काय माहीत यार, काजवा काय नि कचरा काय," जिग्नेश म्हणाला आणि दोन दिवस बसून त्याने एकेक काजवा हाताने परत आणला.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर जे आलं ते बघून मी खुर्चीत मागे सरकले. पाठीवर पेटी घेतलेली मुलगी. तीच. नव्या डिस्कसाठी मूळ फिल्मवरून उतरवलेली, धुऊन पुसून स्वच्छ. मला पहिल्यांदा दिसलं की तिच्या पेटीवर फुलं रंगवलेली आहेत. तिच्या एका गालावर खळी आहे. आकाश कुठेही फुटलेलं नाही. ती डोंगरावरून खाली उतरत होती आणि तिच्या उजव्या बाजूला कुणीही नव्हतं.

तसं मला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की अँटेनाने धरलेलं चित्र कशावर तरी आपटून थोडं उशिरा पुन्हा पोचलं की प्रत्येक वस्तूची उजवीकडे एक फिकट नक्कल उमटते. घोस्टिंग म्हणतात त्याला. गंभीर दोष. दिसला तर नापास. तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, अच्छा, म्हणजे ती सोबत हीच. पण माहीत असणं वेगळं आणि त्या मुलीला मोकळ्या रस्त्यावरून एकटं चालताना बघणं वेगळं. मी तो भाग तीनतीनदा बघितला. कुठे एक धुळीचा कण नाही, पट्टा नाही, रेघ जिथल्या तिथे. मी पास दिला. द्यायलाच हवा होता. घरी येताना मात्र सारखं वाटत राहिलं की एका मुलीला मी अंधारून यायच्या वेळी एकटीच पुढे पाठवून दिली आहे.

घरी आता आई आणि मी. बाबा जाऊन काही वर्षं झाली. माझं लग्न झालं आणि मोडलं, तो वेगळा विषय. आईच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला आहे. वयाने होतं, म्हणाले डॉक्टर, मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं राहील. आई समोर बघते तेव्हा माणसाच्या तोंडाच्या जागी तिला काळोखा डाग दिसतो, म्हणून ती हल्ली मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. भाजीवाल्याला वाटतं म्हातारी रागावली. एक डोळा अजून त्यातल्या त्यात बरा आहे. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत.

त्या दिवशी मी जेवायला बसले तेव्हा ती म्हणाली, "माका मंगेशाक एकदा नीट बघूचा आसा."

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. ती हातानेच नको म्हणाली.

"फोटोत तो नुसतो उभो आसता. माका तो हलताना बघूचा आसा. डोळे आसत तवसर."

दादा हलताना फक्त एका ठिकाणी आहे. मावशीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. मुलुंडच्या हॉलमध्ये झालेलं लग्न, दादाच्या दहावीच्या आधीचा मे महिना. तेव्हाचे फोन फक्त बोलायचे होते. कॅसेट कुर्ल्याला मावशीकडे कपाटावर पडून होती, तिला बुरशी धरलेली. मी ती पिशवीत घालून जिग्नेशकडे नेली. ऑफिसात जुना व्हीसीआर आहे. त्याने बुरशी पुसून ती एकदा चालवली आणि उतरवून घेतली. दुसऱ्यांदा ती चालली नसती. चित्राची दशा बघून तो हळहळला. सगळीकडे टीव्हीवर येतात तशा मुंग्या, रंग ओघळलेले, व्हिडिओवाल्याच्या भगभगीत दिव्याने चेहरे पांढरे पडलेले.

"सुजाता, एकदम झकास करून देतो तुला," तो म्हणाला. "आईंना बघायचंय ना? चेहरा असा आणतो की समोर उभा राहील."

मी लगेच हो म्हटलं नाही. या कामात राहून मला पक्कं ठाऊक आहे की जे टेपवर नाही ते मशीन कुठूनही आणत नाही, ते बनवतं. हजारो चेहरे बघून त्याने शिकलेलं असतं की पापणी कशी असते, नाक कुठे संपतं, आणि जिथे नुसता डाग आहे तिथे ते आपल्या मनाने पापणी काढतं. पण आईचा एक डोळा राहिला होता आणि त्याला मुंग्यांमधून दादा दिसणार नव्हता. तिला दादा दाखवायचा तर तो थोडा मशीनचा असणार होता. मी हो म्हटलं.

साफ केलेलं चित्र मी आधी ऑफिसात तपासलं, सवयीप्रमाणे आवाज बंद करून. मंगलाष्टकांचा प्रसंग. गर्दीत मागच्या रांगेत दादा, अंगात पिवळा शर्ट. चेहरा खरंच समोर उभा राहिला. मी चित्र थांबवलं. दादाचा पुढचा एक दात गल्लीत क्रिकेट खेळताना अर्धा तुटला होता. मशीनने तो पुरा करून दिला होता. तो पुऱ्या दाताने हसत होता, गोड, नीटनेटका, आणि माझ्या अंगावर काटा आला. भीती त्या चेहऱ्याची नव्हती. तो बघताक्षणी दादाचा तुटका दात नेमका डावा की उजवा हे मला आठवेना. इतकी वर्षं जपलेलं माणूस एका नजरेत थोडं पुसलं गेलं. मी पडदा बंद केला आणि बाहेर जाऊन रिक्षांचा आवाज ऐकत उभी राहिले.

तरीही रविवारी दुपारी मी ते आईला लावून दिलं. साफ न केलेलं मूळ चित्रही बरोबर आणलं होतं, आणि तसं तिला सांगितलंही होतं. समोरच्या घरात साळवींची मुलगी मोठ्याने पाठांतर करत होती. आई टीव्हीच्या अगदी जवळ स्टुलावर बसली, बरा डोळा पडद्याकडे येईल अशी मान वळवून. दादा दिसला तेव्हा तिने हात पुढे करून पडद्याच्या काचेला लावला. तोंड नीट आल्याचं ती काही बोलली नाही. रडलीही नाही. मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून चित्रात पुढे काय झालं ते मला दिसलं नाही. ते तिला दिसलं.

"तो तुका काय मारता गो?" आईने विचारलं.

"कुठे?"

"मागे घे."

मी मागे घेतलं. दादाच्या पुढच्या रांगेत मी आहे, दोन वेण्या, लाल परकर. सगळी माणसं हात वर करतात. दादा हात वर करत नाही, तो बॉल फेकावा तसा हात मागे नेतो आणि माझ्या डोक्यावर नेम धरून सोडतो. मी दचकते, डोळे मिटते, मान मागे वळवून त्याच्याकडे बघून जीभ काढते. आणि मधे काहीच नाही. हॉलभर माणसं मुठी उघडत होती आणि मुठींतून काही पडत नव्हतं. नवरानवरीच्या डोक्यांवर स्वच्छ, रिकामी हवा.

"अक्षता आहेत त्या," मी म्हटलं.

"खय आसत अक्षता? हात रिकामोच आसा."

एका चित्रात असलेला, आधीच्यात नसलेला, नंतरच्यात नसलेला प्रत्येक पांढरा ठिपका. मशीनने हॉलभरच्या अक्षता झाडून नेल्या होत्या. तपासताना मी त्या दातावर अडकून राहिले आणि पुढे गेलेच नाही. आईच्या बऱ्या डोळ्यालाही मधलं नीट दिसत नव्हतं, तोंड आलं की डाग यायचा. तिला कडेचं दिसत होतं, दादाचा हात आणि माझी वळलेली मान.

"पयला लाव," ती म्हणाली.

मी मूळ चित्र लावलं. मुंग्या आल्या, रंग ओघळले, दादाचं तोंड पांढऱ्या डागात बुडालं. मग हात वर झाले आणि चित्र भरून गेलं. मुंग्या कुठल्या आणि तांदूळ कुठले ते सांगता येत नव्हतं, पण त्या मुंग्यांमधून काही ठिपके सरळ रेषेत दादाच्या हातातून निघाले आणि माझ्या वेणीवर येऊन फुटले. आई स्टुलावर मागे सरकली, तांदूळ तिच्याच अंगावर आल्यासारखी.

"ह्या बरा," ती म्हणाली. "ह्यात तो मारता तरी."

दुसऱ्या दिवशी जिग्नेश म्हणाला की अक्षता परत टाकून देतो, काजव्यांसारख्या, एकेक. मन लावून करणारा माणूस आहे, केल्याही असत्या. मी नको म्हटलं. त्याने टाकलेल्या अक्षता दादाने मारलेल्या नसत्या.

आता एप्रिल अर्धा सरला. साळवींचं वायफाय परत आलं आणि त्यांची मुलगी दिवसभर फोनमध्ये डोकं घालून जिन्यात बसलेली असते. त्या घड्याळवाल्या मुलीची डिस्क तिकडे निघाली. कुणीतरी लिहिलंय म्हणे की इतकं निर्दोष चित्र या मालिकेला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. खरं आहे. संध्याकाळी सेक्टरमधून चालत घरी येताना मी कधीकधी थांबते. मागे दगड घरंगळल्याचा आवाज येतो असं वाटतं. वळून बघत नाही. दादाला मित्रांच्या नजरेला पडायचं नसतं.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही मधलं आता पुरतं गेलं. तरी ती दुपारी मला टीव्ही लावायला सांगते, तेच मुंग्यांचं चित्र, आणि खिडकीकडे तोंड करून बसते, म्हणजे कडेने पडदा दिसतो. तोंड कुणाचंच दिसत नाही, पण पांढरं काहीतरी उडालेलं दिसतं. अक्षता सुटल्या की ती दर वेळी खिडकीकडे बघतच विचारते, "लागला काय गो?"

मी म्हणते, "लागलं."